हरिकेन : प्राणांचा आणि पैशांचा हिशेब

वर्तमानपत्रात एखाद्या मोठ्या वादळाची बातमी येते तेव्हा तिच्यात दोन आकडे हटकून असतात. एक, किती माणसे मृत्युमुखी पडली. आणि दुसरा, किती कोटींचे नुकसान झाले. आपण ते वाचतो, घटकाभर हळहळतो आणि पान उलटतो. पण हे आकडे येतात कोठून? समुद्राने ओढून नेलेली माणसे कोण मोजते आणि कशी? मोडलेल्या घराची किंमत कोण ठरवते? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की एक वादळ हजारो माणसांचा बळी घेते, तर तेवढ्याच जोराच्या दुसऱ्या वादळात मृतांची संख्या शंभरच्याही आत राहते, हे कसे?

अटलांटिक महासागरात होणाऱ्या हरिकेन वादळांची काही उदाहरणे घेऊन या प्रश्नांची उत्तरे शोधू या.

हरिकेन म्हणजे काय?

हरिकेन हे काही निराळ्या जातीचे वादळ नव्हे. आपल्या बंगालच्या उपसागरात ज्याला चक्रीवादळ म्हणतात, चीन आणि जपानच्या बाजूला ज्याला टायफून म्हणतात, तेच अटलांटिक महासागरात आणि मेक्सिकोच्या आखातात हरिकेन या नावाने ओळखले जाते. कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा हा शब्द स्पॅनिश खलाशांनी उचलला आणि पुढे तो जगभर गेला. गंमत म्हणजे ‘सायक्लोन’ हा इंग्रजी शब्द मात्र आपल्याकडे, कलकत्त्यात तयार झाला. तेथे राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४० नंतरच्या दशकात, वेटोळे घातलेल्या सापाच्या कल्पनेवरून, तो ग्रीक भाषेच्या आधारे बनवला.

हे वादळ जन्मते कसे? समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २६ ते २७ अंश सेल्सिअसच्या वर गेले की पाण्याची भरपूर वाफ होते. एक किलोग्रॅम पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ होताना शोषली जाते. ही उष्णता नाहीशी होत नाही. ती वाफेबरोबर वर जाते. उंचावर वाफेचे पुन्हा पाणी होऊन ढग बनतात, तेव्हा ही सुप्त उष्णता बाहेर पडते आणि भोवतालची हवा तापवते. तापलेली हवा आणखी वर चढते, खाली वायुभार कमी होतो आणि सभोवारची बाष्पयुक्त हवा त्या जागेकडे धाव घेते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही हवा सरळ न जाता वळते व चक्राकार फिरू लागते. उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटरच्या पुढे गेला की अमेरिकेचे हवामानशास्त्रज्ञ त्या वादळाला हरिकेन म्हणतात.

थोडक्यात, हरिकेन हे समुद्राच्या उष्णतेवर चालणारे एक प्रचंड इंजिन आहे आणि वाफ हे त्याचे इंधन आहे. जमिनीवर आल्यावर हे इंधन तुटते आणि वादळ मंदावते. पण मंदावण्यापूर्वी, आणि कधी कधी मंदावल्यानंतरही, ते आपले काम करून जाते.

वारा, समुद्र आणि पाऊस

हरिकेन तीन प्रकारांनी मारा करते. पहिला मारा वाऱ्याचा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी १२० किलोमीटर वेगाचा वारा दोन चौरस मीटरच्या बंद दारावर सुमारे १३५ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावतो. वेग ताशी २४० किलोमीटर झाला की हाच जोर ५४० किलोग्रॅमच्या आसपास जातो. म्हणून वाऱ्याचा वेग थोडासा वाढला तरी पडझड मात्र फार वाढते.

दुसरा मारा समुद्राचा. वारा समुद्राचे पाणी रेटत रेटत किनाऱ्याकडे आणतो. किनाऱ्याजवळ समुद्र उथळ असला तर त्या पाण्याला खाली किंवा बाजूला जाण्यास वाव मिळत नाही. मग ते चढत जाते आणि जमिनीवर घुसते. याला वादळी उधाण म्हणतात. एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे एक टन असते, हे लक्षात घेतले की गळ्याएवढ्या वाहत्या पाण्यात घरे का टिकत नाहीत ते समजते.

तिसरा मारा पावसाचा. २०१७ साली हार्वे नावाच्या हरिकेनने टेक्सास राज्यात ठाण मांडले आणि काही दिवसांत एका ठिकाणी दीड मीटरहून अधिक पाऊस पाडला.

या तिघांपैकी सर्वांत घातक कोण? वाऱ्याचाच आवाज मोठा असल्यामुळे आपल्याला वाटते, वारा. पण १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांतील अमेरिकेतल्या मृत्यूंची छाननी झाली, तेव्हा असे दिसले की वादळाने थेट घेतलेल्या बळींपैकी दहात नऊ बळी पाण्याचे होते आणि त्यांतले निम्मे वादळी उधाणाचे. वादळांचे एक ते पाच असे जे वर्ग पाडतात, ते सॅफिर आणि सिम्प्सन यांची मोजपट्टी वापरून. पण ही मोजपट्टी फक्त वाऱ्याचा वेग पाहते. तेव्हा वर्गाच्या आकड्यावरून बळींचा अंदाज बांधता येत नाही, ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी.

गॅल्व्हस्टन शहराची कथा

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, किनाऱ्याला लागून असलेल्या एका लांबट वाळूच्या बेटावर गॅल्व्हस्टन हे शहर आहे. १९०० साली ते एक भरभराटीचे बंदर होते. लोकसंख्या सुमारे ३८,००० होती. शहरातला सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून तीन मीटरसुद्धा उंच नव्हता. समुद्राला अटकाव करण्यासाठी भिंत बांधावी, अशी सूचना काही लोकांनी केली होती. पण तेथील हवामान कार्यालयाचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी १८९१ साली वृत्तपत्रात लेख लिहून अशा भिंतीची गरज नाही, असे मत मांडले होते. भिंत झाली नाही.

१९०० च्या सप्टेंबरात एक वादळ क्यूबावरून मेक्सिकोच्या आखातात शिरले. हवाना येथील वेधशाळेतल्या अनुभवी निरीक्षकांना ते पश्चिमेकडे, टेक्सासच्या रोखाने जाईल असे वाटत होते. अमेरिकेच्या हवामान खात्याचा कयास मात्र ते उत्तरेकडे वळेल असा होता; आणि क्यूबातून येणाऱ्या वादळाच्या तारांवर त्या खात्याने बंदी घातलेली होती. ८ सप्टेंबर रोजी वादळ गॅल्व्हस्टनवर आदळले. साडेचार मीटरहून उंच उधाण बेटावरून वाहून गेले. मुख्य भूमीकडे जाणारे पूल तुटले, तारा तुटल्या. साडेतीन हजारांहून अधिक घरे नष्ट झाली. मोडलेल्या घरांचे लाकूड लाटांवर आदळत पुढे जाई आणि पुढच्या घरांना पाडी. खुद्द क्लाइन यांची पत्नीही या वादळात मरण पावली.

किती माणसे गेली? नेमका आकडा कोणालाच काढता आला नाही. सहा हजारांपासून बारा हजारांपर्यंत वेगवेगळे अंदाज आहेत आणि सर्वसाधारणपणे आठ हजार हा आकडा धरतात. बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांची नोंद नव्हती. कुटुंबेच्या कुटुंबे गेल्यामुळे ‘आमचा माणूस सापडत नाही’ असे सांगायलाही कोणी उरले नव्हते. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत प्राणघातक नैसर्गिक आपत्ती आहे.

यापुढचा भाग अधिक शिकण्यासारखा आहे. शहरवासीयांनी १९०२ ते १९०४ या काळात समुद्राच्या बाजूने पाच मीटरहून उंच आणि सुमारे पाच किलोमीटर लांब अशी काँक्रीटची भिंत बांधली. एवढ्यावर न थांबता त्यांनी शहराची जमीनच उंच केली. दोन हजारांवर इमारती जॅक लावून वर उचलल्या आणि त्यांच्याखाली समुद्रातून उपसलेली वाळू भरली. १९१५ साली जवळजवळ तेवढ्याच जोराचे वादळ पुन्हा गॅल्व्हस्टनवर आले. या वेळी बेटावरील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. वादळ बदलले नव्हते. शहर बदलले होते.

न्यू ऑर्लीन्सचे बांध

मग भिंती बांधल्या की प्रश्न सुटला काय? २९ ऑगस्ट २००५ रोजी आलेल्या कॅटरिना वादळाने याचे उत्तर दिले. लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लीन्स शहराचा पुष्कळसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि बांध व संरक्षक भिंती यांच्या भरवशावर तो कोरडा राहतो. कॅटरिनाच्या वेळी हे बांध पन्नासहून अधिक ठिकाणी फुटले किंवा खचले. शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला.

वादळाचा इशारा मात्र वेळेवर मिळाला होता. या भागातले दहा लाखांहून अधिक लोक आधीच बाहेर पडले होते. मागे कोण राहिले? ज्यांच्याकडे मोटार नव्हती, हाती पैसा नव्हता, जे म्हातारे किंवा आजारी होते, ते. लुइझियाना राज्यात मरण पावलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक पंचाहत्तरी गाठलेले किंवा ओलांडलेले होते. इशारा कानावर पडणे आणि त्याप्रमाणे वागता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जगातल्या अत्यंत श्रीमंत देशातही हे घडले.

मृत्यू कसे मोजतात?

कॅटरिनामध्ये १,८३३ माणसे मेली, असे अनेक वर्षे छापले जात असे. पुढे नोंदी पुन्हा तपासून अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २०२३ साली तो आकडा १,३९२ असा दुरुस्त केला. म्हणजे मृतांची संख्या सांगणे दिसते तितके सोपे नाही.

पाण्यात बुडून किंवा घर अंगावर पडून मेलेला माणूस वादळाचा बळी आहे, यात शंका नाही. पण वादळानंतर दोन आठवड्यांनी, वीज नाही म्हणून प्राणवायू पुरवणारे यंत्र बंद पडले आणि रोगी दगावला, तर तो कोणाचा बळी? रस्ते तुटल्यामुळे हृदयविकाराच्या रोग्याला रुग्णालयात नेता आले नाही, तर?

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हे हरिकेन कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावर आले, तेव्हा हा प्रश्न अगदी ठळकपणे पुढे आला. सुमारे ३३ लाख वस्तीच्या या बेटावरील वीज सर्वत्र गेली आणि शेवटच्या घरापर्यंत ती परत यायला जवळजवळ अकरा महिने लागले. सरकारी यादीत मृतांची संख्या होती ६४. लोकांना हा आकडा पटत नव्हता. अखेरीस जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांना हे काम सोपवण्यात आले.

त्यांनी वापरलेली रीत समजायला सोपी आहे. समजा, एखाद्या गावात दर महिन्याला सरासरी २० मृत्यू होतात. तेव्हा सहा महिन्यांत १२० मृत्यू अपेक्षित आहेत. वादळानंतरच्या सहा महिन्यांत प्रत्यक्षात १५० झाले, तर वरचे ३० मृत्यू ‘जादा’ होत. ते वादळामुळे आणि त्यानंतरच्या हालअपेष्टांमुळे झाले, असे मानायला जागा आहे. मात्र ही वजाबाकी करताना गाव सोडून किती लोक गेले, वृद्धांचे प्रमाण किती, कोणत्या ऋतूत एरवीच मृत्यू अधिक होतात, हेही जमेस धरावे लागते. प्वेर्तो रिकोसाठी हा हिशेब मांडल्यावर सहा महिन्यांतील जादा मृत्यूंचा अंदाज निघाला २,९७५. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथील सरकारने ६४ हा आकडा सोडून हा आकडा मान्य केला.

कोठे ६४ आणि कोठे २,९७५! हा केवळ गणिताचा खेळ नाही. वादळाचे बळी ६४ मानले, तर पुढच्या वेळी आपण भिंती आणि छपरे मजबूत करू. ते जवळजवळ ३,००० मानले, तर आपल्याला कळते की वीज, औषधे, रस्ते आणि रुग्णालये लवकर सुरू होणे हेही प्राण वाचवण्याइतकेच निकडीचे आहे.

पैशांचा हिशेब

आता दुसरा आकडा पाहू. आधी मापाचे लक्षात घ्या : एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.

गॅल्व्हस्टन, १९०० : सुमारे ८,००० मृत्यू, नुकसान सुमारे ३ कोटी डॉलर.
मिच, मध्य अमेरिका, १९९८ : ११,००० हून अधिक मृत्यू, नुकसान सुमारे ६ अब्ज डॉलर.
कॅटरिना, अमेरिका, २००५ : १,३९२ मृत्यू; नुकसान सुमारे १२५ अब्ज डॉलर.
हार्वे, अमेरिका, २०१७ : शंभरच्या आसपास मृत्यू, नुकसान सुमारे १२५ अब्ज डॉलर.

हे कोष्टक नीट पाहा. जेथे मृत्यू अधिक तेथे पैशांचे नुकसान कमी आणि जेथे नुकसान अधिक तेथे मृत्यू कमी, असे उलटे चित्र दिसते. याचे कारण असे, की पैशांतले नुकसान हे वादळाच्या जोरापेक्षाही वादळाच्या वाटेत किती किमतीची मालमत्ता उभी होती, यावर अवलंबून असते. दहा मजली इमारती, कारखाने, तेलशुद्धीकरणाचे प्रकल्प आणि मोटारी जेथे आहेत तेथे आकडा फुगतो. झोपडी वाहून गेली तर यादीत थोडीशीच रक्कम चढते, मात्र त्या कुटुंबाचे सर्वस्व गेलेले असते.

शिवाय १९०० सालचा डॉलर आणि आजचा डॉलर एक नव्हेत. म्हणून निरनिराळ्या काळांतल्या वादळांची तुलना करताना शास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ वेगळा प्रश्न विचारतात : तेच वादळ त्याच वाटेने आज आले असते, तर किती नुकसान झाले असते? यासाठी महागाई, वाढलेली लोकसंख्या आणि वाढलेली संपत्ती या तिन्हींचा विचार करतात. १९२६ साली मायामी शहरावर आलेल्या वादळाने त्या वेळी सुमारे १० कोटी डॉलरचे नुकसान केले होते. तेच वादळ २००५ साली आले असते तर नुकसान १५० अब्ज डॉलरच्या आसपास, म्हणजे कॅटरिनापेक्षाही अधिक झाले असते, असा हिशेब निघाला. १९२६ मध्ये फ्लोरिडाचा किनारा आजच्या मानाने रिकामा होता. आज तेथे समुद्रालगत इमारतींची रांग आहे.

नुकसानीत आणखीही एक भेद असतो. पडलेले घर, बुडालेले यंत्र हे प्रत्यक्ष नुकसान. पण कारखाना तीन महिने बंद राहिला, कामगारांची मजुरी बुडाली, शाळा भरली नाही, पर्यटक आले नाहीत, हे अप्रत्यक्ष नुकसान. पहिले मोजता येते. दुसरे पुष्कळदा पूर्णपणे मोजले जातच नाही. विमा उतरवलेल्या मालमत्तेची नोंद विमा कंपन्यांकडे लगेच मिळते. ज्याने विमा उतरवलेला नाही त्याचे नुकसान अंदाजानेच धरावे लागते. आणि विमा कंपन्यांच्याही ताकदीला मर्यादा असते. १९९२ साली अँड्र्यू हे हरिकेन दक्षिण फ्लोरिडावर आले, तेव्हा भरपाई देता देता अनेक विमा कंपन्यांचे दिवाळे वाजले.

छोट्या देशांचे मोठे दुःख

मिच वादळाची गोष्ट येथे सांगायला हवी. २६ ऑक्टोबर १९९८ रोजी ते समुद्रावर असताना त्याचा वेग ताशी २९० किलोमीटरपर्यंत गेला होता. पण होंडुरासच्या किनाऱ्यावर येईपर्यंत वारा पुष्कळच मंदावला आणि ते पहिल्या वर्गात उतरले. वाऱ्याच्या हिशेबाने भीती कमी झाली होती. परंतु वादळ रेंगाळले आणि डोंगराळ प्रदेशावर दिवसचे दिवस पाऊस कोसळत राहिला. निकाराग्वात कसिता नावाच्या ज्वालामुखी पर्वताचा उतार सुटला आणि चिखलाच्या लोंढ्याने खालची गावे गाडली. तेथेच सुमारे दोन हजार माणसे गेली. या वादळाने होंडुरासचे जे नुकसान केले ते त्या देशाच्या एका वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होते.

डॉमिनिका या छोट्या बेटाचे उदाहरण याहून बोलके आहे. येथील लोकसंख्या सुमारे ७० हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. प्वेर्तो रिकोला पोहोचण्याच्या दोन दिवस आधी, १८ सप्टेंबर २०१७ रोजी, मारिया या बेटावरून गेले. नुकसान झाले सुमारे १.३ अब्ज डॉलरचे. कॅटरिनाच्या १२५ अब्जांपुढे ही रक्कम किरकोळ वाटेल. पण डॉमिनिकाच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या ती सव्वादोन पट होती. सगळ्या देशाने दोन वर्षांहून अधिक काळ राबून जे कमवावे, ते एका रात्रीत गेले. म्हणून नुकसानीचा आकडा वाचताना ‘किती?’ एवढेच विचारून भागत नाही, ‘कोणाच्या मिळकतीतून?’ हेही विचारावे लागते.

प्राण वाचतात ते कशाने?

श्रीमंत देशातच माणसे वाचतात, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. क्यूबा हा काही धनवान देश नाही. १९६३ साली फ्लोरा या हरिकेनने तेथे हजाराहून अधिक बळी घेतले. त्यानंतर क्यूबाने गावोगाव नागरी संरक्षणाची व्यवस्था उभी केली. कोणत्या घरात वृद्ध, गरोदर स्त्रिया किंवा अपंग माणसे आहेत, त्यांना कोणी आणि कोठे न्यायचे, हे आधी ठरवून ठेवण्याची पद्धत पाडली. २००१ साली मिशेल हे जोरदार हरिकेन आले तेव्हा सुमारे सात लाख लोकांना वेळेत हलवण्यात आले. घरांची आणि पिकांची नासाडी मोठी झाली, पण मृत्यू झाले अवघे पाच.

बंगालच्या उपसागरातील अनुभवही हेच सांगतो. १२ नोव्हेंबर १९७० रोजी त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, आलेल्या चक्रीवादळाने तीन ते पाच लाख माणसांचा बळी घेतला. ज्ञात इतिहासातले हे सर्वांत प्राणघातक वादळ. पुढे बांगलादेशाने हजारो स्वयंसेवकांची फळी आणि पक्के निवारे उभारले. २००७ सालच्या सिद्र या तीव्र वादळात मृतांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास राहिली. ओडिशात १९९९ सालच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली होती. २०१३ साली फायलिन आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवले होते आणि बळींची संख्या पन्नासच्या आत राहिली.

यामागे विज्ञानाचा वाटा मोठा आहे. १९४३ साली जोसेफ डकवर्थ या वैमानिकाने प्रथमच मुद्दाम हरिकेनच्या पोटात विमान नेले. १९६० साली पहिला हवामान उपग्रह आकाशात गेला आणि समुद्रावरची वादळे वरून दिसू लागली. पुढे संगणक आले. १९९० च्या सुमारास अटलांटिकमधील वादळ चोवीस तासांनंतर कोठे असेल, या अंदाजात सरासरी दीडशे किलोमीटरहून अधिक चूक होत असे. आता ती सुमारे साठ किलोमीटरवर आली आहे. चूक कमी झाली की कोणत्या गावाने हलायचे ते नेमके सांगता येते आणि लोकांचा इशाऱ्यावर विश्वास बसतो.

पण पुढचे काम विज्ञानाचे नाही, माणसांचे आहे. इशारा शेवटच्या घरापर्यंत पोहोचला पाहिजे, जायला वाहन हवे, राहायला निवारा हवा, आणि परत आल्यावर पाणी, औषध व वीज हवी. या साखळीतली एकही कडी तुटली तर काय होते, ते न्यू ऑर्लीन्स आणि प्वेर्तो रिको यांनी दाखवले आहे.

हिशेबाचा दुसरा रकाना

मृत्यूंचा रकाना असा लहान होऊ शकतो. पैशांचा रकाना मात्र वाढतो आहे. घर उचलून सुरक्षित जागी नेता येत नाही आणि किनाऱ्यावरची वस्ती तर दरवर्षी वाढते आहे. त्यातच पृथ्वीचे तापमान वाढल्यामुळे समुद्राची पातळी चढत आहे; तेव्हा प्रत्येक उधाण पूर्वीपेक्षा उंच पायरीवरून सुरू होते. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तेव्हा वादळांचा पाऊसही वाढणार. २०२४ च्या सप्टेंबरात हेलेन या हरिकेनने अमेरिकेत अडीचशेच्या आसपास बळी घेतले. त्यांतले पुष्कळजण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, डोंगरांमधल्या पुरात सापडले होते.

आपल्या कोकणालाही याचा अनुभव आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. वेळीच इशारा मिळाल्यामुळे मनुष्यहानी फार थोडी झाली. पण श्रीवर्धनच्या परिसरातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पडलेल्या झाडाची किंमत यादीत एकदाच चढते. नवे रोप मोठे होऊन उत्पन्न देऊ लागेपर्यंतची वर्षे त्या यादीत नसतात.

तेव्हा यापुढे वादळाची बातमी वाचाल तेव्हा त्या दोन आकड्यांना चार प्रश्न विचारा. मृतांची मोजणी कोणत्या दिवसापर्यंतची आहे? नंतर आजाराने, उपचारांअभावी गेलेले लोक तिच्यात धरले आहेत काय? नुकसान त्या लोकांच्या मिळकतीच्या मानाने किती आहे? आणि याच ठिकाणी पूर्वी आलेल्या वादळात किती माणसे गेली होती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मोठे आणि आजचा आकडा लहान असेल, तर समजा की मधल्या काळात कोणीतरी भिंत बांधली, निवारा उभारला, उपग्रहाची चित्रे अभ्यासली आणि दारोदार जाऊन लोकांना हलवले. वादळे थांबवणे माणसाच्या हाती नाही. मृतांचा आकडा लहान ठेवणे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हाती आहे, हे गेल्या सव्वाशे वर्षांच्या हिशेबावरून सिद्ध झाले आहे.